साडेअकराचं विमान

"विमानाला शंभरापैकी पस्तीस. रेल्वेला एकेचाळीस. दोघंही काठावर पास, भरमू."

राजमती आक्कांचा निकाल असा लागायचा, आणि तो माझ्याच गाडीत लागायचा. मी भरमू, सांबऱ्याचा. आमच्या गावाच्या डोक्यावरनंच बेळगावची विमानं उतरत्यात. मी मातूर अजून एकदा बी विमानात बसलो न्हाय, खालनं त्याची चाकं तेवढी वळखीची. माझी भाड्याची गाडी हाय. निपाणी, बेळगाव, कोल्हापूर असं फिरत असतोय, आणि आक्कांना न्यायचं-आणायचं काम आठ वर्षं माझ्याकडंच हुतं.

आक्का निपाणीच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं बाई हुत्या. मालक लवकर गेले. एकुलती लेक दीप्ती, ती बेंगळूरला नोकरीला. तिच्याकडं वर्षातनं पाच-सहा फेऱ्या व्हायच्या. तिकीट मिळंल तसं, कवा विमान, कवा रेल्वे. परत आल्या की मागच्या सीटवर बसायच्या, चष्मा पुसायच्या, आणि मी काय इचारायच्या आत पेपर तपासायला सुरुवात. वेळेला तीस मार्क, स्वच्छतेला वीस, सोयीला दहा, वागणुकीला चाळीस.

"वागणुकीला एवढं का वो?" मी एकदा इचारलं.

"यंत्र बिघडणारच रे. माणसानं बिघडू नये."

आक्का शाळेतल्या, बोलणं छापील. पण राग आला की गावची भाषा भसकन बाहेर यायची, आणि मला ती ऐकायला लई बरं वाटायचं.

रेल्वेवरचा त्यांचा राग जुना, घरच्या माणसावर असतो तसला. खालचा बाक मागितला की वरचा देत्यात, आणि देवदयेनं खालचा मिळालाच तर त्यावर चार अनोळखी माणसं पत्ते खेळत बसल्याली असत्यात. संडासात पाणी न्हाय, आणि डब्यात मातूर नको तिथनं ठिबकतंय. टीसीला सांगावं तर तो कानाला फोन लावून पुढच्या डब्यात. विमानावरचा राग नवा, आणि त्याला धार जास्त. "तिकीट काढलं की खिडकीचे वेगळे, पाय पसरायचे वेगळे. अरे, आम्ही शाळेत पोराला बाक दिला तर फळा बघायचे वेगळे मागत नव्हतो!" असं म्हणायच्या आणि माझ्याकडं अशा बघायच्या, जसं काय ती कंपनी माझ्या बापाची हाय.

एकदा चार तास बसवून ठेवलं, आणि खाऊचा डबा हातात दिला तो सव्वासातला. आक्का जैन. दिवस मावळला की अन्न न्हाय, पाणी बी न्हाय. सकाळपासनं पोटात काय नसताना तो डबा शेजारच्याला देऊन बसल्या. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे.' दुसरं पत्र लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्याला बी तेच, काना-मात्रेचा बदल न्हाय. "कॉपी करणाऱ्याला मी वर्गात उभं करायची," म्हणाल्या.

सगळ्याचं सार त्यांनी एकदा यमकनमर्डीच्या घाटात सांगितलं. "विमानवाल्या पोरी हसतात, पण ऐकत नाहीत. रेल्वेवाले हसतही नाहीत, ऐकतही नाहीत. पण नेतात."

मी हसलो हुतो तवा. आता न्हाय हसत.

आक्कांचं खरं दुखणं येगळंच हुतं, आणि ते मला कळायला तीन वर्षं लागली. त्यांचं माहेर चिकोडीकडचं. थोरला भाऊ बाळगोंडा, आक्का त्यास्नी अण्णा म्हणायच्या. आई चौऱ्याऐंशीची. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब न्हाय, असं व्रत त्या माउलीनं पन्नास वर्षं पाळलेलं. शेवटच्या दुखण्यात आक्का माहेरी सेवेला हुत्या. एका रात्री आईला ताप चढला, जीभ टाळ्याला चिकटली, आणि ती म्हणाली, "राजू, पाणी." आक्कांनी दोन चमचे पाणी पाजलं. पहाटे आई गेली.

अण्णा व्रतानियमाचा माणूस. त्यास्नी ते कळलं. सगळं गणगोत अंगणात बसल्यालं, त्यांच्यासमोर ते म्हणाले, "पन्नास वर्षांचं व्रत तू दोन चमच्यांत बुडवलंस. आईचं मरण बिघडवलंस."

आक्का उठल्या, पिशवी घेतली आणि निपाणीला आल्या. बारा वर्षं भावाबहिणीत शब्द न्हाय.

"मी चुकले का रं, भरमू?" आक्कांनी मला इचारलं.

मी मराठा गडी. आमच्यात मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचंच असतंय, न घालणं म्हंजे पाप. तसं मी सांगितलं.

"तुमच्यात रं," आक्का म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

हे मला त्यांनी पाच वर्षांत चार-पाच डाव तरी इचारलं असंल. दरवेळी मी तेच सांगायचो, दरवेळी त्या तेच म्हणायच्या. त्यास्नी माझं उत्तर नकोच हुतं. ज्यानं घाव घातला त्याच्याच तोंडनं ऐकायचं हुतं.

गेल्या वैशाखात एका मंगळवारी अण्णांच्या लेकाचा, कुमारचा, फोन आला. अण्णा श्रवणबेळगोळला हाईत, सल्लेखना घेतल्या. त्यांच्यात म्हाताऱ्या माणसाचा देह थकला की तो आपणहून एकेक सोडत जातो. आधी अन्न, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. आणि जायच्या आधी सगळ्यांशी बोलून मन मोकळं करतो, क्षमा मागतो, क्षमा करतो. कुमार म्हणाला, "आत्ती, अप्पा चतुर्दशीला सूर्यास्ताला पाणी सोडणार, आणि तवापासनं मौन. त्याच्या आत तुम्हाला बोलवा म्हणालेत. आईच्या पाण्याचं बोलायचं हाय म्हणाले."

चतुर्दशी गुरुवारी.

आक्कांनी लगोलग मला बोलावलं. म्हणाल्या, "बुधवारी संध्याकाळची रेल्वे आहे. वरचा बाक मिळतोय. चढीन कशीबशी. सकाळी तिथं. तू मला बेळगाव स्टेशनात सोड."

आता माझं पाप ऐका.

बुधवारी संध्याकाळी माझी गाडी नंदगडला लग्नाच्या वऱ्हाडाला ठरल्याली हुती. पाहुण्यातलंच लग्न, शब्द दिल्याला. मी आक्कांना हे सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी गाडी बघितली असती, एवढी साधी गोष्ट. पण आक्कांसारखं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीत बसलेलं मला सोसंना. आठ वर्षांचा माझा मान. म्हणून मी म्हटलं, "आक्का, कंबरेचं ऑपरेशन झाल्यालं, वरच्या बाकावर कशाला चढताय? पडलासा तर? बुधवारचं विमान भरलंय, पण गुरुवारचं साडेअकराचं हाय की. पाऊण वाजता बेंगळूर. दीप्तीताई गाडी घेऊन उभ्या राहतील. पाच वाजता तुम्ही अण्णांच्या म्होरं. दिवस मावळायला मग बी पावणेदोन तास."

"विमान नेईल का रं?"

"न न्यायला काय झालं! रोज आमच्या घरावरनं जातंय."

असं मी बोललो. ह्याच तोंडानं.

गुरुवारी साडेनऊला सांबऱ्याला पोचलो. आक्कांनी पांढरं लुगडं नेसलं हुतं, सोबत गाळून उकळलेल्या पाण्याचा लोटा आणि एक पिशवी. आत जाऊन परत दारापर्यंत आल्या आणि मला हात केला. काउंटरवरच्या पोरीनं त्यास्नी सांगितलं हुतं, विमान वेळेवर हाय. फोनवर बी तसाच मेसेज, वेळेवर. मी घरी चहाला गेलो. बायकोला, यशोदाला, म्हटलं, आज लई मोठं पुण्याचं काम केलं बघ.

सव्वाअकरा झाले. आभाळात काय आवाज न्हाय. जे विमान हितनं सुटायचं, ते आधी हितं उतरायला पाहिजे न्हवं? सांबऱ्यातल्या शेंबड्या पोराला बी हे कळतंय. मी पळत गेलो आणि दारातनं आक्कांना फोन लावला.

"एक वाजून दहा मिनिटांनी म्हणतायत," आक्का म्हणाल्या. "शेजारी एक गृहस्थ आहेत, त्यांनी फोनवर बघितलं. ते विमान तिकडून निघालेलंच नव्हतं. साडेनऊला मला वेळेवर सांगितलं, तेव्हाही ते तिथंच उभं होतं, भरमू."

"आक्का, सोडा ते. बाहेर या, गाडीनं जाऊ."

आक्कांनी हिशेब घातला. गाडीनं आता निघालं तर लवकरात लवकर साडेसात. दिवस मावळणार पावणेसातला. आणि एक-दहाचं विमान खरंच सुटलं तर सव्वासहा, साडेसहा. "मी विचारून आले," म्हणाल्या. "एक-दहा नक्की म्हणालेत. नक्की, हा शब्द वापरला त्यांनी."

साडेनऊलाच खरं कळलं असतं तर आमची गाडी पावणेसहाला तिथं असती. माझी पाठ मोडली असती, आक्कांची कंबर मोडली असती, पण असती.

एक-दहाचे अडीच झाले. दोन-पन्नासला रद्द.

माणसं सामान घेऊन बाहेर यायला लागली. कोण शिव्या देत हुता, कोण व्हिडिओ काढत हुता. ती काउंटरवरची पोरगी यादी घेऊन दाराशी उभी, बावीस-तेवीसची असंल, डोळे भरल्याले. तिला वरनं कुणी फोनच उचलत न्हवतं. आक्का तिच्याम्होरं थांबल्या. मला वाटलं, आता हिची कानउघाडणी हुतीया.

"बाळ, विमान तू बिघडवलं नाहीस," आक्का म्हणाल्या. "उशीर मी पोटात घालीन. आयुष्यभर घातलाय. पण साडेनऊला खरं सांगितलं असतंस तर मी माझ्या भावापाशी पोचले असते."

"मॅडम, आम्हाला सिस्टीमवर जे दिसतं तेच सांगायचं असतं."

"आणि आभाळाकडं बघायचं नसतं?"

पोरगी रडायला लागली. आक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याकडं वळून एवढंच म्हणाल्या, "चल."

"आक्का, आता दिवस मावळायच्या आत…"

"म्हाईत हाय मला. चल!" गावची भाषा भसकन बाहेर आली.

मी आजवर तसली गाडी मारली न्हवती. धारवाड गेलं, हुबळी गेली. आक्का मागं ताठ बसल्या हुत्या. लोट्यातलं पाणी त्यांनी दिवसभर प्यालं न्हवतं. मी प्या म्हटलं तर म्हणाल्या, तो पाणी सोडतोय आणि मी पीत बसू? हावेरीच्या अलीकडं माझ्यानं राहवंना. मी वऱ्हाडाचं सगळं सांगून टाकलं. का विमानानं जा म्हटलं ते.

आरशात बघितलं. आक्का माझ्याकडंच बघत हुत्या. मग म्हणाल्या, "गाडी चालव, भरमू." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दावणगिरी जवळ आली तवा सूर्य उजव्या अंगाला खाली गेलता. सहा पंचवीस. आक्कांनी कुमारला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "कुमार, अण्णाला फोन दे."

"आत्ती, फोन आत नेत न्हाईत. अप्पांनी तर सगळ्या यंत्रांचा त्याग केलाय."

"मग तू जा आत. त्याला विचार. म्हणावं राजू विचारते, आईला पाणी पाजलं ते चुकलं का? व्हय का न्हाय, एवढंच. पळ!"

फोन चालूच राहिला. पलीकडं णमोकार मंत्र चालल्याला ऐकू येत हुता. आक्का फोन छातीशी धरून खिडकीतनं सूर्याकडं बघत हुत्या. मी गाडी बाजूला घेतली. सहा चाळीसला कुमार परत आला, धापा टाकत.

"आत्ती, लई गर्दी. मी इचारलं. अप्पांना वाटतंय तुम्ही दारात आलाय. त्यांचा जीव वरखाली हुईल म्हणून विमानाचं मी काय सांगितलंच न्हवतं. ते म्हणाले, तिला आत येऊ दे, तिच्या तोंडावर सांगतो."

"मग परत जा! सांग त्याला, मी दावणगिरीत आहे!"

कुमार परत गेला. आम्ही दोघं सूर्याकडं बघत बसलो. तो शेताच्या कडेला टेकला, अर्धा झाला, आणि गेला. कुमार आला तवा रडतच आला. मौनाला साक्षी म्हणून पंच उभे राहिलते, अण्णांनी हात जोडलते, मौन सुरू झालं हुतं.

आक्कांनी फोन बंद केला. "चल," म्हणाल्या. "बघून तरी येऊ."

पोचायला रात्र झाली. दीप्तीताई परस्पर तिकडं आल्या हुत्या, त्यांनी आईला कुशीत घेतलं. पण आक्का रडल्या न्हाईत.

सकाळी दर्शनाला सोडलं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, तिथनं सगळं दिसत हुतं. चटईवर अण्णा. हाडं आणि कातडं, एवढाच माणूस. माणसं येत हुती, हात जोडत हुती, पुढं जात हुती. अण्णा सगळ्यांना सारखे हात जोडत हुते. आक्का पुढं गेल्या आणि चार हातांवर बसल्या.

"अण्णा, मी आले."

अण्णांनी मान वळवली. वळखलं. त्या आटलेल्या डोळ्यांत कुठनं पाणी आलं देव जाणे. जोडल्याले हात सुटले, एक हात बहिणीकडं पुढं झाला. आणि त्यांचं तोंड उघडलं. खरंच उघडलं, ओठ हलले. शेजारचे लोक चपापले. अण्णा बोलणार हुते. आयुष्यभराचा व्रताचा माणूस बहिणीसाठी व्रत मोडणार हुता, आणि तिथल्या सगळ्यांना ते कळलं.

आक्कांनी झटकन दोन्ही हात वर केले. "न्हाय, अण्णा! बोलू नका. व्रत हाय तुमचं."

अण्णा तसेच उघड्या तोंडानं बघत राहिले. मग ओठ मिटले. डोळे मिटले. आक्का दुपारपर्यंत तिथंच बसून राहिल्या, पण त्यांनी परत डोळे उघडले न्हाईत.

मी बाहेर येऊन गाडीच्या मागं बसून रडलो. माझा कोण लागत हुता तो माणूस? कोण न्हाय. पण बारा वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द ओठावर आलता, आणि तो तिनं सवताच माघारी धाडला. दुसऱ्यांदा कुणाचं मरण बिघडवायचं न्हवतं तिला.

पाचव्या दिवशी अण्णा गेले. कुमारचा फोन आला तवा मी कोल्हापुरात हुतो, तसाच निपाणीला गेलो. आक्का सोप्यात बसल्या हुत्या, दीप्तीताई आत. मला बघून त्यांनी शेजारी बसायची खूण केली. मी खाली बसलो. 

"भरमू, तू उंबऱ्यात होतास. तुला त्याचं तोंड दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मला नीट दिसलं नाही." त्या माझ्याकडं वळल्या. "त्याचे ओठ हलले तेव्हा तो काय म्हणत होता रं? चुकलीस, की चुकली न्हाईस?"

सांगून टाकायचं ओठावर आलतं. चुकली न्हाईस म्हणाले, आक्का, मी सवता बघितलं. एका वाक्याचं काम हुतं, आणि त्या बाईची बारा वर्षं हलकी झाली असती. पण त्या गुरुवारी गाडीच्या आरशातनं बघत हुत्या तशाच आक्का माझ्याकडं बघत हुत्या, आणि त्या दिवशी त्यांना खोटं सांगणारे आधीच लई झालते. त्यातला एक मी.

"मला न्हाय कळलं, आक्का," मी म्हटलं.

"बरं," आक्का म्हणाल्या. मग आत हाक मारून दीप्तीताईला सांगितलं, भरमू आलाय, दिवस मावळायच्या आत त्याला जेवायला वाढ.